आबांची टेप

घरमालक भाडेकरूला जे जे विचारतात त्यातलं आबांनी मला काहीच विचारलं नाही. गाव कुठलं, लग्न ठरलंय का, मटण-मासे खाता का, काही नाही. बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि बॅग घेऊन त्यांच्या दारात उभी होते. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "डेरीत ते दुधातले जंतू वाढवायचं कपाट असतं बघा. ते पंचावन्न डिग्रीवर किती तास धरतं?"

"कितीही तास," मी म्हणाले.

"एक डिग्री हिकडं न्हाय, तिकडं न्हाय?"

"अर्धी होते कधी कधी."

"मग खोली तुमची. धा नंबर."

खोल्या ओळीनं आठच होत्या. सातव्या खोलीच्या शेजारी माझी, आणि तिच्या दारावर तेलरंगात दहाचा आकडा. माझ्या आईचं पहिलं पत्र घेऊन आलेला पोस्टमन आठ आणि नऊ नंबर शोधत परसदारापर्यंत जाऊन आला होता. आबांच्या हिशेबात आठ आणि नऊ हे आकडेच नव्हते. ज्या कॉम्प्युटरवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली, त्याच्या खटक्यांची मोजणी सातापर्यंत जायची आणि मग एकदम दहा. माणसानंही तसंच मोजावं असं त्यांचं मत होतं. वय विचारलं की सत्तर सांगायचे. लोक म्हणायचे, वाटत नाही हो आबा. वाटणार कसं, सात आठे छप्पन्न, होते छप्पन्नच.

घराच्या पुढच्या खोलीत, जिथे लोक सोफा नाहीतर कॉट ठेवतात, तिथे तो कॉम्प्युटर उभा होता. माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट, त्याच्या छातीवर खटक्यांची रांग आणि तांबड्या दिव्यांची रांग. शेजारी तेवढंच उंच दुसरं कपाट, त्यावर जेवणाच्या ताटाएवढी रिळं फिरवायची सोय. कोपऱ्यात कागदाच्या गुंडाळीवर खडखडा टाइप करणारं यंत्र. पडदा नाही, उंदीर नाही, चित्र तर नाहीच. पुण्यातल्या ज्या कंपनीत आबा ऑपरेटर होते, तिथून हे धूड भंगारात निघालं तेव्हा आबांनी तेही उचललं आणि नोकरीही सोडली. ट्रकमधून ते बारामतीला आलं त्या दिवशी आळीतल्या लोकांना वाटलं, पिठाची गिरणी काढतायत. दोन बायका दळणाचे डबे घेऊन आल्याही होत्या, असं काकी सांगायच्या.

काकी म्हणजे आबांची बायको. या सगळ्या प्रकाराकडे त्या पाळण्यातल्या मुलाकडे बघावं तसं बघायच्या, म्हणजे लक्ष असायचं आणि कामही चालू असायचं. कॉम्प्युटर चालू केला की आळीतल्या टीव्हींची चित्रं आक्रसायची. "आबा, बंद करा ओ, मॅच चाललीय!" अशा हाका यायच्या. आबा ढिम्म. मग काकीच बाहेर जाऊन सांगायच्या, "एवढी ओव्हर हुंद्या, करत्यात बंद."

असा कॉम्प्युटर चालू झाला की आपसूक काही करत नाही, हे मला आबांकडूनच कळलं. त्याला आधी शिकवावं लागतं, की हे तुझे हात, हे तुझे पाय, हा कागद, ही टेप. हे शिकवणारा जो मूळ प्रोग्राम असतो त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, आणि या कॉम्प्युटरची ती सिस्टीम टेपवर होती. टेपवरची सिस्टीम आत घ्यायला सुरुवातीचे काही आकडे हातानं, खटके वर-खाली करून भरावे लागत. आबांना ते पाठ होते. गंमत म्हणजे ऐकून ऐकून काकींनाही पाठ झाले होते. आबा अडखळले की आतून, कणकेत हात असताना, काकींचा आवाज यायचा, "शून्य एक दोन सात शून्य शून्य." आबा म्हणायचे, "म्हाईत हाय मला." पण थांबलेले असायचे ते तिथंच.

त्या खोलीचे नियम होते. पाय धुऊन यायचं. उदबत्ती नाही, फोडणीच्या वेळी दार बंद. केस विंचरलेल्या बाईनं तासभर आत यायचं नाही, गळलेला केस टेपमध्ये जातो. मी पहिल्या महिन्यात तीनदा बाहेर काढली गेले. घाई करणाऱ्याला त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं, "घाई असंल तर क्यालक्युलेटर घ्या." आणि दुसरं एक वाक्य होतं, ते स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणायचे. "माणूस इसारतो. टेप इसरत न्हाय."

ते वाक्य कशासाठी होतं ते कळायला मला पावसाळा जावा लागला.

आबांचे वडील मेंढपाळ. पळसदेवच्या बाजूला त्यांची वस्ती, धरणाच्या पाण्यात रानं गेल्यावर कळपही गेला आणि भाऊ उसाकडे वळले. आबा अकरावी करून पुण्याला गेले आणि कंपनीत त्या कॉम्प्युटरसमोर बसले. काम काय, तर साहेब सांगतील ती टेप लावायची, साहेब सांगतील तो खटका दाबायचा. त्या काळी वीज वरचेवर जायची. गेली की कॉम्प्युटरमधली अर्धवट कामं वाऱ्यावर. वीज आली की सगळं पहिल्यापासून. आबांनी बघून बघून, साहेबांची पुस्तकं डब्याच्या पिशवीत घालून घरी आणून, त्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येच आपला एक तुकडा लिहिला. वीज परत आली की तो तुकडा आधी मोजदाद करायचा, कुठली कामं होती, कुठं थांबली होती, आणि तिथून पुढे चालू करायचा. वडील संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं घेताना मोजायचे, तेच डोक्यात होतं, असं आबा म्हणाले. मोजदाद जुळली की यंत्र रोमन अक्षरांत दोनच शब्द टाइप करायचं, "सर्व हजर". आणि खाली आबांचं नाव.

"चार महिनं चाललं बघ," आबा मला सांगत होते. तोवर मी 'तुमी'ची 'तू' झाले होते. "मग सायबाच्या ध्यानात आलं. म्हणला, कुणी लिवलं? म्हणलं, मी. तर हसला. म्हणला, तुझ्यासारख्यानं ही असलं लिवलं असतं तर आमाला कशाला ठिवलं असतं कंपनीनं? आन् नवी सिस्टीम मागवून समदं पुसून घेतलं. पण त्याच्या आदल्या दिशी मी एक टेप भरून घेतली हुती. नावासकट."

ती टेप घरात होती. पण तिला कित्येक वर्षं कुणी वाचलं नव्हतं, कारण तशा जुन्या टेपांना ओल धरते. वरचा थर चिकट होतो आणि वाचायला लावली की तपकिरी भुकटी होऊन सुटून येतो. एकदा सुटला की संपलं. आबांनी एका फालतू टेपवर प्रयोग करून बघितला होता. खोक्यात बल्ब लावून तिला मंद शेक दिला, तेव्हा अर्धी टेप नीट वाचली गेली आणि अर्धी करपली. म्हणून त्यांना न हलणारे पंचावन्न अंश हवे होते, आणि म्हणून मला खोली मिळाली होती.

दोन रविवारी मी डेअरीत टेपा नेल्या, जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून. इनक्युबेटरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या त्या कपाटात, काचेच्या बशा सरकवून जागा केली. आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई मामा खिडकीतून बघून म्हणाले, "म्याडम, ह्यात काय उगवायचं हाय?" मी म्हटलं, एका माणसाचं नाव. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. दर दोन तासांनी मी रीळ उलटं करत होते. खरं सांगते, आयुष्यात पुढे मोठ्या पगाराची कामं केली, पण तसं मन लावून काही भाजलं नाही.

पहिल्या रविवारची टेप साधी होती, यंत्र तपासायच्या प्रोग्रामची. ती लख्ख वाचली गेली. टाइप करणारं यंत्र खडखडायला लागलं तेव्हा आबा टाळ्या वाजवत अंगणात गेले. दुसऱ्या रविवारी त्यांची स्वतःची टेप भाजून झाली. ती लावायचा मुहूर्त त्यांनी दसऱ्याचा धरला. मला आश्चर्य वाटलं, कारण आबा मुहूर्ताला मानणारे नव्हते. पण काकी म्हणाल्या होत्या, "लगीन झाल्यापासनं ऐकत आले, मी लिवलंय मी लिवलंय. आता एकदा चांगल्या दिशी दाखवा तरी."

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी शेतकरी अवजारं धुतो, सुतार करवत मांडतो, डेअरीत बॉयलरला हार घालतात. काकींनी पुढच्या खोलीची पूजा मागून घेतली. बरीच घासाघीस होऊन आबांनी परवानगी दिली, "हळद-कुकू फकस्त लोखंडाला. टेपाला न्हाय." आणि ते फुलं आणायला मंडईत गेले. काकी ओट्यापाशी होत्या. खोली मी आवरली. कोरड्या फडक्यानं रिळांचे डबे पुसले, कपाटाला कुंकवाची बोटं ओढली. खाली जमिनीवर, टेबलाच्या पायापाशी, एक पिवळं प्लास्टिकचं कडं पडलेलं दिसलं, बांगडीएवढं. आबांच्या टेपेच्या रिळाच्या पाठीला बरोबर त्या मापाची रिकामी खाच होती. दुसऱ्या एका रिळाच्या खाचेत तसंच कडं बसलेलंही होतं. मी ते उचललं, पुसलं आणि खाचेत दाबून बसवलं. टक् असा आवाज आला. आवरताना एखादी वस्तू आपल्या जागी बसली की बरं वाटतं, तसं बरं वाटलं.

दसऱ्याला सकाळी आबा पांढरा सदरा घालून खटक्यांसमोर उभे राहिले. काकींनी नवी साडी नेसली होती, आणि नियमाप्रमाणे वेणी पहाटेच घातली होती. आबांनी टेप लावली. आकडे भरले. आत-बाहेर करणाऱ्या काकी त्या दिवशी शेजारी उभ्या राहून एकेक आकडा पुटपुटत होत्या.  आबांनी शेवटचा खटका दाबला आणि रिळं फिरायला लागली.

"वाचतंय बघ," आबा म्हणाले. "वाचतंय. बघ कशी चाललीय."

आम्ही तिघंही बघत राहिलो. टेप संथ एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जात होती. काकींनी डोळ्यांना पदर लावला. टेप शेवटापर्यंत गेली, मोकळं टोक फटफट करत फिरलं आणि आबांनी यंत्र थांबवलं. टाइप करणारं यंत्र गप्पच होतं.

आबांनी खटक्यांवरून नजर फिरवली आणि एका खटक्यावर बोट ठेवलं. "ह्यो खाली पायजे हुता. वर ऱ्हायला." मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, मला शिकवावं तसं सांगितलं. टेप वाच आणि टेपवर लिही या दोन हुकमांत या एका खटक्याचा फरक. खटका चुकला, म्हणजे इतका वेळ यंत्र वाचत नव्हतं, लिहीत होतं. "पण लिवंल कसं? रिळाच्या पाठीला पिवळं कडं असलं तरच मशीन टेपंवर लिवू शकतं. कडं न्हाय तर नुसतं फिरतं, धक्का लागत न्हाय. म्हणून तर मी कडं काढून ठिवलंय. चूक माणसाची हुणारच, म्हणून ती सोय." आणि म्हणाले, "तरी बघ गं, तुझा हात पोचतोय. पाठीला कडं हाय का?"

मी रीळ काढलं. त्यांच्याकडे पाठ होती माझी. कडं होतं. त्यावर माझ्या बोटाचं कुंकू होतं.

"नाही," मी म्हणाले.

नखानं ते खाचेतून निघालं आणि माझ्या मुठीत आलं. हे मी ठरवून केलं नाही असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण मूठ माझी होती.

"न्हाय ना? मग काय बी बिघडलं न्हाय," आबा हसले. टेप परत गुंडाळून घेतली, खटके नीट लावले, पुन्हा चालू केलं. टेप शेवटापर्यंत गेली. काही नाही. पुन्हा लावली. मग डोकं पुसून घेतलं, तपासायची ती दुसरी टेप लावली. ती लगेच वाचली गेली, खडखड सगळं टाइप झालं. म्हणजे यंत्र ठीक होतं. मी चाचरत म्हटलं, "आबा, भाजताना उष्णतेनं गेलं असेल." त्यांनी मान हलवली. "पंचावन्नानं जात न्हाय. ही बी तितंच भाजली की." दुपारपर्यंत त्यांनी सगळं करून बघितलं. लोक आपट्याची पानं द्यायला येत होते आणि काकी दारातूनच घेत होत्या.

शेवटी आबा खुर्चीत बसले. "कोरी हाय," म्हणाले. "पहिल्यापासनं कोरी हाय."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी उभी होते, माझ्या मुठीला घाम आला होता, आणि मी बोलले नाही. त्या दिवशी भीतीनं. दुसऱ्या दिवशी, कालच का नाही बोललीस असं विचारतील म्हणून. पुढे मग न बोलण्याचीच सवय झाली.

टेप नुसती गेली असती तर आबांनी ते सोसलं असतं. खटका चुकला, पुसली गेली, नशीब, असं म्हणून चार दिवस जेवले नसते आणि पाचव्या दिवशी सगळं आठवून पुन्हा लिहायला बसले असते. त्यांचा स्वभाव तसा होता. पण माझ्या एका 'नाही'मुळे आबांच्या लेखी टेप पुसली गेलेलीच नव्हती. तिच्यावर कधी काही नव्हतंच. मग त्यांनी भरून घेतलं होतं ते काय? कंपनीत चार महिने चाललं ते काय? हळूहळू ते या प्रश्नांपाशी यायला लागले. एकदा मी पाणी भरत असताना काकींना म्हणाले, "मी लिवलंच नसंल. इच्छा हुती म्हणून मला लिवल्यागत वाटत गेलं." आणि थोड्या वेळानं, "सायब खरं बोलत हुता. आपून बटनं दाबणारी मानसं."

काकींनी हातातलं ताट खाली ठेवलं. इतकी वर्षं त्याच तर सगळं ऐकून होत्या.

दिवाळीनंतर भंगारवाला ते कपाट घेऊन गेला. आबांनी दोर बांधायला मदत केली. माझी बदली उन्हाळ्यात झाली आणि मी सुटले म्हणून सुटकेस भरली. निघताना आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ते मला अजून सहन होत नाही.

तीन वर्षांनी, माझं लग्न होऊन गेल्यावर, एका मे महिन्यात मी इंदापूरला एका नातेवाइकांकडे आले होते. आबा-काकी बारामतीचं घर भावाच्या मुलाला देऊन पळसदेवला वस्तीवर राहायला गेल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच एस.टी.नं गेले. धरणाचं पाणी खूप खाली उतरलेलं होतं. काकींनी दारातच ओळखलं. आबा ओसरीवर बसून भावाशी उसाच्या पाण्याच्या पाळीचं बोलत होते. मला बघून उठले, खुशाली विचारली, भावाला म्हणाले, "आमची धा नंबरची पोर." चांगले दिसत होते. कुणाशी वाद घालत नव्हते, कुणाला पाय धुवायला सांगत नव्हते. भाऊ जे म्हणेल त्याला हो म्हणत होते. पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसले आणि मला भडभडून आलं.

भाऊ रानात गेल्यावर मी सांगितलं. पहिल्यापासून, न रडता, एकही गोष्ट न वगळता. कडं कुठं सापडलं, कसं बसवलं, तुम्ही विचारलंत तेव्हा मी काय पाहिलं आणि काय म्हणाले. "आबा, टेपेवर सगळं होतं. तुम्ही लिहिलं होतं. मी घालवलं." काकी सूप हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

 आबांचे डोळे भरले, आणि मला वाटलं, आता ओरडतील. मला ते ओरडणं हवं होतं.

"येवढ्या उन्हाचं," ते काकींना म्हणाले, "येवढ्या लांबनं आली. मला बरं वाटावं म्हणून सवताच्या अंगावर घेतीया."

"नाही आबा, खरंच. शपथ घेते."

"शपथ नगं घिऊ." त्यांनी माझा हात थोपटला. "आगं, मी तुला इचारलं हुतं की नाय त्या दिशी? तू बघून सांगितलंस, न्हाय म्हणून. तू काय माझ्याशी खोटं बोलशील?"

मी पुन्हा सांगितलं. आणखी एकदा सांगितलं. जितकं सांगत होते तितके ते जास्त हसत होते, मायेनं मान हलवत होते. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. माझ्या त्या एका शब्दावर त्यांनी आपलं आयुष्य खोटं ठरवून घेतलं होतं, आणि तो शब्द आता माझा मलाही मागे घेता येत नव्हता.

संध्याकाळच्या गाडीला दोघंही फाट्यापर्यंत सोडायला आले. गाडीची वाट बघणारे दोघंतिघं होते, त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण पाव्हणी, आबा?" आबा मोठ्या आवाजात म्हणाले, "लेकच हाय. लई मायाळू. माझ्यापायी खोटं बोलाया आली हुती, येवढ्या लांबनं." म्हातारा कौतुकानं माझ्याकडे बघून हसला.

गाडी आली. मला खिडकी मिळाली. आबा हात हलवत गाडीबरोबर दहा-बारा पावलं चालले. काकी मागेच उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. त्यांनी माझं सगळं खरं मानलं होतं. त्यांनी हात हलवला नाही.